खालच्या अंगाला

वैशाखात आत्ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आठ दिवस राहिली आणि तेवढ्यात घरातलं पाणी वापरण्याचं वळणच तिनं बदललं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं कढीपत्त्याला, बादलीच्या तळाशी उरलेला तांब्याभर दारातल्या पायरीवर. डोळ्याला हिरवी पट्टी, वाकायची बंदी, तरी कान मोरीकडं. चौथ्या दिवशी सकाळी मी धुण्याचं पाणी सोडलं. निळसर फेस जाळीवर भोवरा करून गर्रकन फिरला आणि घशातून घोट उतरावा तसा आवाज करत खाली गेला. आत्ती उंबऱ्याला टेकून बसली होती. म्हणाली, "व्हय गं, हे पाणी आमच्याकडं कवा पोचतंय?"

गावाकडची एसटी किती वाजता लागते असं विचारावं, तितक्या सहज विचारलं तिनं. मी पिळत असलेला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले. चाळीस वर्षं मी या मोरीत पाणी ओतते आहे आणि ते इथून पुढं कुठं जातं, हे मला सांगता येईना. "कुणास ठाऊक आत्ती," एवढंच म्हणाले. तिनं मान हलवली. "उन्हाळ्यात बरगे घातल्यालं असत्यात. तुंबून ऱ्हातंय सगळं. मग कवातरी एकदम येतंय, काळंभोर." बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात घालतात त्या फळ्या. मग तिनं चहा मागितला आणि विषय संपला. तिच्यापुरता.

आत्तीचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत ही नदी ऐंशीएक किलोमीटर चालते. कोल्हापूर तिच्या वरच्या अंगाला, आत्ती खालच्या अंगाला. नदीकाठची माणसं दिशा अशाच सांगतात. शेत कुठाय, तर वरच्या अंगाला. म्हशी कुठं गेल्या, तर खालच्या अंगाला. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी पोरं तिकडंच असायचो. पाठीला भोपळा बांधून आत्तीच्या यजमानांनी आम्हाला पाण्यात ढकललेलं मला अजून आठवतं. नाकात गेलेल्या पाण्याची झणझण आणि त्याला येणारा ओल्या दगडाचा वास. पात्राच्या कडेला वाळूत हातानं झिरा उकरायचा, पाणी पाझरून निवळायची वाट बघायची आणि मग वाटीनं अलगद कळशी भरायची. त्या कामाला बायकांना कधी घाई नसायची. वाटी तळाला लागली तर पाणी गढूळ होतं म्हणून आत्ती माझं मनगट धरून शिकवायची. आता तिथं वाळू नाही. झिरा हा शब्द तिच्या नातवंडांना माहीत नाही.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हापासून आत्तीच्या घरात पाणी उकळूनच पितात. पिण्याच्या पाण्याचे जार मोटरसायकलवरून आणतात. तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मासे मेल्याच्या बातम्या आपण वर्षाआड वाचतो, फोटोत पांढऱ्या पोटांचा थर दिसतो आणि आपण पान उलटतो. आत्तीनं ते काठावर उभं राहून पाहिलंय. ती सांगते, मेलेले दिसायच्या आधी मासे पहाटे पाण्यावर तोंडं काढतात. उघडझाप, उघडझाप. शेकड्यानं. पोरं टोपल्या घेऊन धावतात आणि म्हातारी माणसं त्यांना ओरडून परत बोलावतात.

त्या उघडझापेचं कारण मला फार उशिरा कळलं. पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळलेला असतो, आपल्याकडच्या उन्हात लिटरला सात-आठ मिलिग्रॅम. एवढ्याशा पुंजीवर नदीतला सगळा जीव जगतो. सांडपाणी आलं, साखर कारखान्याची मळी आली की ती घाण खाणारे सूक्ष्मजीव भराभर वाढतात आणि खाता खाता तो प्राणवायू संपवून टाकतात. रात्री शेवाळाकडूनही काही मिळत नाही, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. आपण धुतलेल्या ताटातली आमटी माशाला विषासारखी थेट मारत नाही. ती त्याचा श्वास आधीच खाऊन बसलेली असते.

आत्ती गावी गेली आणि तिचा प्रश्न घरातच राहिला. मोरीत पाणी सोडलं की तो आठवायचा.

मी लहान असताना शाळेला जाताना हुतात्मा पार्कजवळ जयंतीवरचा पूल लागायचा. पूल जवळ आला की आम्ही मैत्रिणी श्वास रोखून पळायचो, पलीकडं पोचून मोठ्यानं हवा सोडायचो, आणि जिचा श्वास मध्येच सुटला तिच्यावर राज्य. दोन्ही काठांना घाणेरी माजलेली, खाली करडं पाणी, त्यावर बुडबुडे फुटायचे. नासक्या अंड्यासारखा तो वास नाकात बसायचा. मी घरी त्याला जयंती नाला म्हणाले की आजी चिडायची. "नदी म्हण. जयंती नदी." कात्यायनीच्या डोंगराकडून येणारी, गावाच्या मध्यातून जाणारी, गोमतीला पोटात घेऊन पंचगंगेला मिळणारी. आजीच्या सासूनं तिच्यात धुणं धुतलं होतं. नदीचा नाला कुठल्या एका दिवशी होत नाही. एकेका घराचं एकेक पन्हाळ तिच्याकडं वळत जातं, आणि मग एक पिढी अशी येते की जिला ती नदी होती हे सांगावं लागतं. ती पिढी माझी.

मावसभावाच्या ओळखीनं शेवटी मी कसबा बावड्याला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प बघायला गेले. जयंतीचं पाणी बंधारा घालून अडवतात आणि उपसा केंद्रातून पंपानं बावड्याला चढवतात. बावड्याची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर, म्हणजे ७ कोटी ६० लाख. दुधाळीला दुसरं केंद्र आहे, १७ दशलक्ष लिटरचं. हे आकडे वाचताना डोक्यात काही उमटत नाही. मी आमच्या घरापासून सुरुवात केली. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आमच्या चौघांचं चारशेच्या वर. रोज. दोन मोठी बॅरल भरून मी कुणाच्या तरी दिशेनं ढकलत होते.

फाटकातून आत जाताना मी सवयीनं श्वास रोखला होता. सुरुवातीला वास होताच. पाणी प्रथम चाळणीतून जातं आणि त्या चाळणीवर काय अडकतं ते पाहून मी थोडा वेळ काही बोलले नाही. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, सॅनिटरी पॅड, देवाची फुलं, एका बाहुलीचा पाय. सगळ्या पेठांचं, सगळ्या जातींचं, बंगल्याचं आणि झोपडीचं, एकाच जाळीवर. ते दाताळ्यानं ओढून काढणारा माणूस आमच्याकडं पाठ करून काम करत होता. त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट होते आणि हातमोज्याच्या एका बोटाला भोक होतं. त्या भोकाकडं बघताना मला फार ओशाळल्यासारखं झालं. मीही केस विंचरून गुंता मोरीत सोडलेला आहे.

पुढं वाळू खाली बसवतात आणि मग पाणी मोठ्या टाक्यांमध्ये येतं. इथं माझा समज पहिल्यांदा मोडला. मला वाटत होतं, काहीतरी औषध टाकत असतील. टाकीच्या तळातून हवा सोडलेली होती आणि वर सगळं पाणी उकळी फुटल्यासारखं खदखदत होतं, घट्ट कोकोच्या रंगाचं. मी वाकले आणि वास घेतला. पहिल्या पावसानंतर परड्यातल्या मातीला येतो तसा वास. मी परत घेतला. खरंच तसा.

"चांगला वास येतोय म्हणजे बॅक्टेरिया खूश हाईत, ताई," ऑपरेटर म्हणाला. तिशीतला असेल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यानं त्या खदखदत्या पाण्यातलं एक लिटर काचेच्या उभ्या नळकांड्यात भरलं आणि टेबलावर ठेवून घड्याळ बघितलं. "आता अर्धा तास ह्याला हलवायचं न्हाई." दुसरं काही करायचं नव्हतं म्हणून मी समोर बसून राहिले. आधी सगळं एकजीव तपकिरी. मग दोन-तीन मिनिटांत त्यात कापसासारखे पुंजके धरायला लागले. मग वर एक पारदर्शक रेघ उगवली, बोटभर झाली, वीतभर झाली. रात्री ठेवलेली आंबील निवळते तशी. अर्ध्या तासानं तिसऱ्या हिश्श्याला गाळ आणि वर स्वच्छ पाणी, पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता येत होतं. आमच्या मोरीतला फेस, संडास, तांबड्या रश्श्याचं तवंग, सगळ्याचं हे झालं होतं आणि करणारे डोळ्यांना दिसतही नव्हते.

त्यानं मला सूक्ष्मदर्शकातून ते दाखवले. देठावर उमललेल्या घंटाफुलासारखे जीव, वॉर्टिसेला त्यांचं नाव. कड थरथरत असते, त्यानं पाणी तोंडाकडं ओढतात, आणि काही धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडून लाजाळूसारखे मिटतात. ते भरपूर दिसले की टाकी ठीक चालली आहे असं समजायचं. मी डोळा काढला तर ऑपरेटर माझ्याकडं बघत होता, आपल्या पोराचं चित्र पाहुण्याला दाखवल्यावर बाप बघतो तसा.

हे सगळं विरजणासारखं आहे हे मला तिथं टाकीच्या कठड्याला धरून उभी असताना लक्षात आलं. आजचा गाळ उद्याच्या पाण्याला लावायचा. पाणी भरायचं, हवा द्यायची, मग हवा बंद करून निवळू द्यायचं, वरचं अलगद काढून घ्यायचं, आणि तळाचा बराचसा गाळ तसाच ठेवून त्यावर नवं पाणी घ्यायचं. वाटीनं झिऱ्यातलं पाणी काढण्यासारखंच, फक्त इथं वाटीच्या जागी टाकीच्या रुंदीचा डिकँटर हळूहळू खाली उतरतो. ही युक्ती १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवली. त्यांनी सांडपाण्यात हवा फुंकली तेव्हा पहिल्यांदा ते पुरतं शुद्ध व्हायला पाचएक आठवडे लागले. त्यांनी गाळ फेकला नाही, त्यावरच नवं सांडपाणी ओतलं. पुढच्या वेळी कमी दिवस लागले, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी, आणि असं करत करत चोवीस तासांच्या आत काम व्हायला लागलं. त्याआधी तो गाळ टाकून द्यायची वस्तू होती. आमच्या घरचं विरजण आईच्या आईपासूनचं आहे, असं आई सांगायची. त्या टाक्यांमधला जीवही तसाच कुठून कुठून चालत आलेला.

बाहेर पडणारं पाणी मी ग्लासात घेऊन उजेडात धरलं. किंचित पिवळसर, क्लोरीनचा पुसट वास. घरगुती सांडपाण्याला शुद्ध व्हायला लिटरमागे दोन-अडीचशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो; या पद्धतीची टाकी नीट चालली तर ते दहापर्यंत खाली येतं. म्हणजे नदीतून ओरबाडून घ्यायचा श्वास इथं पंख्यानं आधीच भरून दिला जातो. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. माझा त्यात काही हात नव्हता, तरी वाटला. आत्तीला आत्ताच्या आत्ता फोन करावा आणि सांगावं, अगं इथं माणसं बसलीत तुझ्यासाठी.

मग मी विचारलं, लाईट गेली तर?

तो लगेच बोलला नाही. हवा थांबली की काही तासांत हे जीव गुदमरायला लागतात, आणि एकदा टाकी बिघडली की परत बसायला दिवस जातात. कुणी कारखान्यातलं रसायन चोरून नाल्यात सोडलं तरी तेच. पण त्याच्या आधीची गोष्ट अशी की पाणी इथवर पोचायलाच पंप लागतात. पंप थांबले की नाला बंधाऱ्यावरून ओसंडून सरळ पंचगंगेत. मोठा पाऊस पडला, नाल्याला लोंढा आला, तरीही तसंच. एवढं पाणी उचलायची पंपांची ताकद नसते. "आमच्यापर्यंत आलेलं पाणी आम्ही सोडत न्हाई ताई. येतच न्हाई त्याचं काय करायचं?" मग त्यानं विचारलं, "तुमच्या मोरीचं पाणी ड्रेनेजला हाय का गटारीला?" मी म्हणाले, ड्रेनेजला, आमच्या गल्लीत चेंबर आहेत. "हळद टाकून बघा एकदा," तो म्हणाला.

घरी येऊन मी मूठभर हळद बादलीत कालवली, मोरीत ओतली आणि अनवाणी रस्त्यावर धावले.

आमच्या फाटकासमोरची उघडी गटार पिवळी होत होती. हळद लावलेल्या नवरीसारखी लख्ख पिवळी. संडास तेवढा ड्रेनेजला जोडलेला, आणि मोरी, न्हाणी, स्वयंपाकघर, सगळं गटारीला. घर बांधताना गवंड्यानं जवळचा रस्ता धरला असेल. वडिलांनी विचारलं नाही, नंतर मीही विचारलं नाही. ते पिवळं पाणी शेजाऱ्यांच्या पायरीखालून कोपऱ्यावर गेलं, तिथून जयंतीकडं. कोरड्या दिवसांत पंपानं उचलून बावड्याला. पाऊस आला की आत्तीकडं.

त्या रात्री झोप आली नाही. मला आखाड आठवत होता. आमच्याकडं आखाडात मटणाचं जेवण नसेल असा रविवार नाही. तांबडा, पांढरा, सुकं, आणि शेवटी पातेल्याच्या कडेला जमलेला लाल कट. गरम पाणी ओतून, लिक्विड सोप लावून तो कट मोरीत ढकलताना भांडं लख्ख झाल्याचं केवढं समाधान असतं. आणि आखाड म्हणजे पाऊस. म्हणजे ज्या दिवसांत नाला बंधाऱ्यावरून वाहतो, नेमके तेच दिवस.

आपण कोल्हापूरकर पाण्याच्या बाबतीत स्वतःला भाग्यवान समजतो आणि आहोतही. शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावती अडवली, त्या पाण्यावर आपला ऊस, आपलं गूळ, आपली तालमीतली पोरं वाढली. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं हे आपल्याकडं लहान पोरंही सांगतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. नदी घरात येईल का, याची आपल्याला रोज चौकशी असते. आपल्या घरातून नदीत काय जातं, त्याची फुटपट्टी कुठल्या चौकात लावलेली नाही. नदीचं पाणी पिण्यासारखं राहिलं नाही म्हणून आपण काळम्मावाडीहून थेट पाईपलाईन मागितली, वर्षानुवर्षं भांडलो, आणि ती आली. मीही त्या पाण्याचा पहिला ग्लास देवापुढं ठेवला होता. आता मला त्या ग्लासाचं सुख तसं घेता येत नाही. आपण आपलं तोंड नदीपासून उचलून धरणाला लावलं, मागचं अंग मात्र नदीतच राहू दिलं. इचलकरंजीही आता दूधगंगेचं पाणी मागते आहे आणि दूधगंगेकाठची गावं नाही म्हणताहेत. प्रत्येकाला आपल्या वरच्या अंगाचं पाणी हवं आहे. आत्तीच्या गावाला मागायला वर कुठलं धरण उरलंय, मला माहीत नाही.

प्लंबर दुसऱ्या आठवड्यात आला. आधी त्यानं मला समजावलं की गटारीचं काही बिघडलेलं नाही, उगाच फरशी फोडायला कशाला लावताय. शेजारच्या काकूंनीही तेच विचारलं. मी त्यांना हळदीची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्यांच्या दारासमोरची गटार पिवळी झालेली मी पाहिली. दोन दिवस घरात धूळ, हातोडा, सिमेंटचा ओला वास. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी गल्लीतल्या चेंबरला जोडलं, स्वयंपाकघराच्या नळीला तेल अडवायला मध्ये एक छोटी टाकी बसवली. आता पातेलं धुण्याआधी मी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेते. आत्ती तेच करायची आणि मला लहानपणी ते गरिबीचं लक्षण वाटायचं.

तिच्या प्रश्नाचं उत्तरही मी मिळवलं होतं, जमेल तेवढं. पात्र भरून वाहत असताना दोन दिवसांच्या आत. उन्हाळ्यात, बरगे घातलेले असताना, पाणी एकेका बंधाऱ्यामागं दिवसेंदिवस पडून राहतं. त्याचा हिशोब कुणाला देता येत नाही. बरगे काढतील तेव्हा.

मिरगाचा पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका सकाळी मी धुणं आटोपलं आणि पाणी सोडलं. नव्या नळीतून आवाज वेगळा येतो, लांबवर जाणारा. दारात जाऊन पाहिलं, गटार कोरडी होती. मी आत्तीला फोन लावला. डोळा कसा आहे, भुईमूग टोकला का, असं बोलून झालं. मग मी म्हणाले, "आत्ती, आमचं पाणी आज साडेसातला सोडलंय. बावड्यावरनं येईल."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. तिला कळायला क्षणभर लागला.

"रातीचं बी माणूस असतोय का गं तिथं?" तिनं विचारलं.

"असतो. तीन पाळ्या असतात."

"मग येऊ दे," आत्ती म्हणाली. "बघतो मी."